बिर्का: आधी संग्रहालय, मग बेट

बिर्का म्हणजे स्वीडनमध्ये, स्टॉकहोमजवळच्या मेलारेन सरोवरातल्या बेटावरचं वायकिंगांचं जुनं व्यापारी गाव. तिथे जाणार असाल तर क्रम चुकवू नका. आधी स्टॉकहोममधलं हिस्टोरिस्का, म्हणजे तिथलं इतिहास संग्रहालय, आणि मग बोटीने बेट. वायकिंगांची थडगी बेटावर आहेत, पण त्यांतला नावाजलेला ऐवज शहरात काचेआड ठेवलाय. तो न पाहता गेलात तर दिसतात ते नुसते गवताळ उंचवटे, त्यांवर बर्च आणि ओकची झाडं, मधेमधे मेंढ्या. आमच्या बोटीवरचं एक कुटुंब अर्ध्या तासात कंटाळून धक्क्यावर जाऊन बसलं.

संग्रहालयाला कार्लाप्लान मेट्रो स्टेशनवरून चालत पाच-सात मिनिटं लागतात. वायकिंग दालनात एकच थडगं नीट बघायचं ठरवलं तर बीजे ५८१ या क्रमांकाचं बघा. स्वीडिश संशोधक यालमार स्टोल्पे यांनी ते १८७८ साली उघडलं. स्टोल्पे १८७१ मध्ये या बेटावर आले ते अंबरमध्ये, म्हणजे झाडाच्या गोठून दगड झालेल्या राळेत, अडकलेले किडे शोधायला, आणि पुढे हजारावर थडगी खणून बसले. त्यांची एक सवय फार मोलाची: थडग्याचा नकाशा ते आलेख कागदावर काढत, कुठली वस्तू कुठे पडली होती ते दाखवून. पुढच्या सगळ्या वादांत आधाराला आले ते हेच कागद.

५८१ म्हणजे जमिनीत लाकडी भिंती लावून केलेली खोलीच. काळ दहाव्या शतकाच्या मध्याचा. आत तलवार, कुऱ्हाड, भाले, चिलखत भेदणारे बाण, लढाईचा सुरा, ढाली. एका बाजूच्या ओट्यावर दोन घोडे, त्यांतली एक घोडी. आणि शिंगाच्या सोंगट्यांचा अख्खा डाव, फाशांसकट. एवढी शस्त्रं म्हणजे पुरुषच, असं सगळे धरून चालले. १९७० च्या दशकात हाडं पाहून शंका निघाली, ती बाजूला पडली. मग २०१७ मध्ये पुरातत्त्वज्ञ शार्लट हेडेनस्टिएर्ना-यॉन्सन आणि सहकाऱ्यांनी डीएनए तपासून जाहीर केलं की ही बाई आहे. लगेच गदारोळ. हाडांची अदलाबदल झाली नसेल कशावरून, शस्त्रं नुसती मानाची असतील, ती प्रत्यक्ष लढलीच कशावरून? यातला शेवटचा प्रश्न रास्त आहे. पण तलवारीसह पुरलेल्या पुरुषांबद्दल तो इतकी वर्षं कोणी विचारला नव्हता, हे मला खटकतं. थडग्यात वस्तू ठेवतात ती मागे राहिलेली माणसं. गेलेल्याला कसं मिरवायचं होतं एवढं त्यावरून कळतं. बेटावरचे गाइड ‘वीरांगना’ म्हणून मोकळे होतात. ऐकून घ्यावं.

दुसरी वस्तू चुकवू नये अशी: नवव्या शतकातल्या एका बाईच्या थडग्यातली चांदीची अंगठी. जांभळट काचेच्या खड्यावर कूफी या जुन्या अरबी लिपीतली अक्षरं कोरलेली, त्यांचं वाचन ‘अल्लाहसाठी’ असं केलं गेलंय. आधी खडा ॲमेथिस्टचा समजत, २०१५ च्या अभ्यासात काच निघाली. तेव्हा काच दुर्मीळ, त्यामुळे किंमत कमी होत नाही. आणखी गंमत म्हणजे घडवताना पडलेले कानशीचे ओरखडे अंगठीच्या आतल्या बाजूला अजून शाबूत आहेत. म्हणजे ती फारशा हातांतून न जाता थेट इथवर आली असावी. आजूबाजूच्या कपाटांत अकीकाचे लाल मणी, स्फटिकाचे मणी, अरबी नाणी. नागपूरजवळ माहूरझरीला शिलावर्तुळांत पुरलेले घोडे आणि तिथले अकीकाचे मणी ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना इथे पाऊल अडखळल्यासारखं होईल. ती दफनं अर्थातच यांच्याहून कितीतरी शतकं जुनी.

हेल्गोचा बुद्ध याच संग्रहालयात आहे. हा थडग्यातला नव्हे, मेलारेन सरोवरातल्या हेल्गो या दुसऱ्या बेटावरच्या वस्तीत १९५६ साली सापडलेला. कांस्याचा, जेमतेम साडेआठ सेंटिमीटर, सहाव्या शतकातला, आजच्या पाकिस्तानातल्या स्वात खोऱ्याच्या बाजूचा. आपली मंडळी इथे फोटोसाठी रांग लावतात, आम्हीही लावली.

आता बेट. बोट सिटी हॉलजवळून सुटते, जायला सुमारे दोन तास. हंगाम साधारण मे ते सप्टेंबर. तिकिटात बेटावरचं छोटं संग्रहालय आणि गाइडसोबतची फेरी असते का ते बुक करतानाच बघा, आणि इंग्रजी फेरीची वेळ आधी विचारा. परतीची बोट चुकवणं परवडणारं नाही. ऐन उन्हाळ्यातही डेकवर वारा बोचतो, जाकीट हवंच. गवतात गोचिडी असतात, त्यामुळे पायघोळ पँट, मोजे, आणि रात्री अंग तपासणं. शाकाहारींनी डबा न्यावा, बेटावर निवड फार नसते. आमची पोळी-भाजी गडाच्या तटावर संपली.

गाइडची फेरी संपली की गर्दी खाण्याकडे वळते, तेव्हा तुम्ही हेमलांडेन या दफनभूमीकडे चला. बेटावरच्या सुमारे ३,००० थडग्यांपैकी दीड हजारांहून जास्त इथेच, लहानमोठ्या ढिगांची दाटी. बरीच दहनाची: चितेची राख, जळलेली हाडं, वर माती. मग गडावर आन्सगारच्या क्रुसापाशी चढा. हा ख्रिस्ती धर्मप्रसारक ८२९ च्या सुमारास इथे आला होता. वरून पाण्याकडे बघताना लक्षात ठेवा की तेव्हा पाणी सुमारे पाच मीटर वर होतं आणि मेलारेन हा बाल्टिकचा फाटा होता. जमीन उचलली गेली, जहाजांची वाट अवघड झाली, आणि ९७५ च्या आसपास बिर्का ओस पडलं. जमीन उचलली जाणं हे त्याचं एक कारण मानतात.

पुढे ऑस्लो जोडायचा विचार असेल तर थांबा. तिथल्या बिग्दॉय भागातलं, ओसेबर्ग या वायकिंग जहाजाचं संग्रहालय २०२२ पासून नव्या इमारतीसाठी बंद आहे, उघडल्याची खात्री करूनच तिकिटं काढा. त्यापेक्षा डेन्मार्कमधलं लाडबी गाठा, ओडेन्सहून जवळ आहे. १९३५ मध्ये सापडलेलं हे जहाज-थडगं जिथल्या तिथे ठेवून वर टेकडी पुन्हा उभारलीय. लाकूड कुजून गेलंय, थडगं जुन्या काळीच लुटलं गेलंय; पण मातीत जहाजाचा आकार, लोखंडी रिव्हेटांच्या ओळी, नांगर आणि गलबताच्या पुढच्या टोकाकडे घोड्यांचे सांगाडे तसेच आहेत. तिथे संग्रहालय आधी की थडगं आधी, हा प्रश्नच येत नाही.