काजू कारखान्यात पैसा नेमका कुठे अडकतो?

काजू प्रक्रियेच्या कुठल्याही प्रकल्प अहवालाचं पहिलं पान उघडा. भारताचं अन्नप्रक्रिया क्षेत्र कसं वाढतंय, शंभर टक्के परकीय गुंतवणूक कशी खुली आहे, केंद्राने उत्पादनाशी निगडित प्रोत्साहनासाठी १०,९०० कोटी कसे ठेवलेत, हे सगळं तिथे असतंच. खोटं काहीच नाही. पण २०२१ च्या मार्चमध्ये मंजूर झालेली ती योजना मुख्यतः शिजवायला-खायला तयार पदार्थ, फळं-भाज्यांवरची प्रक्रिया, सागरी उत्पादनं आणि मोझरेला चीज बनवणाऱ्या मोठ्या उद्योगांसाठी आहे. दिवसाला पाचशे किलो काजू फोडणाऱ्याने ते पान फाडून टाकलं तरी अहवालाचं काही बिघडत नाही.

विक्रीची चिंता सहसा नसते. काजूगर सगळ्यात जास्त खाणारा देश आपलाच. आपल्याकडची काजू बी कारखान्यांना पुरत नाही, म्हणून आयव्हरी कोस्ट, घाना, टांझानियाकडून ती बोटीने येते. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, गोवा आणि घाटावर चंदगड-आजरा हा पट्टा तर घरचाच, आणि वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकनही आहे. मागणी आहे, माल आहे, अनुदान आहे. तरी दर गावात एक तरी बंद शेड दिसते, आत बॉयलर गंजत पडलेला. बहुतेक वेळा मशिनरी ठीकच असते. बी घ्यायला पैसे उरलेले नसतात.

हिशोब मांडूनच बघू. दर रोज बदलतात, म्हणून खालचे आकडे गृहीत धरलेले आहेत. आपल्या बाजारातले घालून पुन्हा करा.

दिवसाला ५०० किलो बी, वर्षाला २५० दिवस, म्हणजे १२५ टन. दर किलोला १४० रुपये धरला तर बीचेच १ कोटी ७५ लाख. कोकणातला हंगाम साधारण मार्च ते मे, अडीच महिन्यांचा. वर्षाची सगळी खरेदी त्यातच उरकायची. या काळात ६० दिवस कारखाना चालला तर ३० टन फोडून होतात. म्हणजे पाऊस सुरू होताना गोदामात ९५ टन बी, ८० किलोच्या सुमारे बाराशे गोण्या आणि त्यात अडकलेले १ कोटी ३३ लाख.

आता अनुदान. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची जी केंद्राची योजना २०२० मध्ये आली, ज्याला सगळे पीएमएफएमई म्हणतात, त्यात पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान मिळतं, कमाल १० लाख. साडेअठ्ठावीस लाखांच्या पुढे एक रुपया वाढत नाही, म्हणूनच कित्येक अहवाल बरोबर अठ्ठावीस-एकोणतीस लाखांवर येऊन थांबतात! निदान १० टक्के रक्कम स्वतःची लागते. जमिनीला अनुदान नाही. शिवाय ती रक्कम हातात येत नाही. कर्जाला जोडून तीन वर्षं वेगळी ठेवतात, आणि तोवर हप्ते नीट गेले व कारखाना चालू राहिला तर कर्जात वळती होते. म्हणजे १ कोटी ३३ लाखांच्या बीला हे दहा लाख उपयोगाचे नाहीत. (योजनेची मुदत वाढवून २०२५-२६ पर्यंत नेली होती, तेव्हा अर्ज चालू आहेत का हे आधी कृषी खात्यात विचारा. जिल्हा संसाधन व्यक्ती अर्ज आणि अहवालाला मदत करते, तिचं मानधन सरकार देतं. एजंटला टक्का देण्याचं कारण नाही.)

मग बँकेचं खेळतं भांडवल? छोट्या उद्योगांना कॅश क्रेडिट, म्हणजे लागेल तशी उचलायची कर्जमर्यादा, ठरवताना बँका बहुधा रिझर्व्ह बँकेच्या नायक समितीचा नियम लावतात: अंदाजित वार्षिक उलाढालीच्या २० टक्के. १२५ टनांतून २४ टक्के उताऱ्याने (उतारा म्हणजे बीतून निघणाऱ्या गराचं प्रमाण) ३० टन गर निघतो. सरासरी ७५० रुपये किलोने उलाढाल २ कोटी २५ लाख. त्याचे २० टक्के म्हणजे ४५ लाख. गरज १ कोटी ३३ लाखांची. हा नियम पैसा वर्षात चार वेळा फिरतो असं धरून बसवलेला आहे, आणि काजूत तो जेमतेम एकदा फिरतो. म्हणून अहवालात वार्षिक उलाढालीचा एकच आकडा न देता महिनावार रोकड-प्रवाहाचा तक्ता द्या आणि मार्च ते जूनसाठी वेगळी हंगामी मर्यादा मागा. साखर कारखान्यांची शाखा सांभाळलेल्या बँक अधिकाऱ्याला हे लगेच कळतं. बाकीच्यांना तक्ता समोर ठेवूनच समजवावं लागतं.

आणखी एक खाच जीएसटीची. नोंदणीकृत कारखानदाराने शेतकऱ्याकडून थेट बी घेतली की त्यावरचा ५ टक्के कर रिव्हर्स चार्जने त्यालाच भरावा लागतो, तोही रोख. आधीच्या खरेदीवर भरलेल्या कराच्या जुन्या क्रेडिटमधून चालत नाही. पावणेदोन कोटींवर पावणेनऊ लाख. पुढे गर विकताना हे पैसे वळते होतात, पण वर्षभर हळूहळू. भरायचे मात्र ऐन हंगामात, जेव्हा एकेक लाख मोलाचा असतो. हा खर्च प्रकल्प अहवालात क्वचितच दिसतो.

मजुरी, वीज, पॅकिंग मिळून किलो बीमागे २२ रुपये, म्हणजे साडेसत्तावीस लाख. साठ्यावरचं व्याज सुमारे ८ लाख. सव्वादोन कोटींतून सगळं वजा केलं की साडेचौदा लाखांच्या आसपास उरतात, आणि घसारा व मशिनरीच्या कर्जाचं व्याज त्यातूनच जायचं. टरफलाचे थोडेफार येतात ते वेगळे.

आता या साडेचौदा लाखांचं काय होतं ते उताऱ्यावर ठरतं, आणि उतारा ठरतो बी विकत घेताना. मशीनवर आल्यावर फार उशीर झालेला असतो.

उतारा काढायची पद्धत सोपी आहे, कंटाळा मात्र येतो. ढिगातल्या दहा-बारा गोण्यांच्या वरून, मधून आणि तळातून बी काढून मिसळा, त्यातली बरोबर एक किलो तोला. दाणे मोजा, किलोत १८०-२०० बसले तर बी चांगल्या आकाराची. मग एकेक बी कापा आणि तीन ढीग करा. पहिला भरलेल्या, पांढऱ्या, निरोगी गराचा. दुसरा डागाळलेल्या किंवा अर्धवट सुकलेल्या गराचा. तिसरा पोचट, बुरशी लागलेल्या, तेल उतरलेल्या गराचा. पहिल्याचं पूर्ण वजन, दुसऱ्याचं निम्मं, तिसऱ्याचं शून्य. समजा पहिला ढीग २५२ ग्रॅम आणि दुसरा २८ ग्रॅम भरला, तर २५२ अधिक १४ म्हणजे २६६. याला ०.१७६३७ ने गुणलं की ४६.९ येतात. हा झाला ८० किलोच्या गोणीमागे पौंडांत उतारा. आयातीच्या बाजारात सौदे याच भाषेत होतात. हे वजन सालीसकट आणि ओलाव्यासकट असतं. वाळवून, सोलून त्यातलं दहा-एक टक्के जातं आणि हातात चोवीस टक्के येतात.

वरच्या हिशोबात गोणीमागे एक पौंड कमी आला तर वर्षाला पावणेपाच लाखांचा फटका बसतो. तीन पौंडांनी चुकलात की नफा संपला. तुकडा किती पडतो यावर सगळे डोकं लावतात, पण पाकळी (उभा दुभंगलेला गर) आणि तुकड्याचं प्रमाण पाच टक्क्यांनी वाढलं आणि अख्ख्या गराशी दराचा फरक किलोला शंभर रुपये असला, तर नुकसान दीड लाखाचं. महागडा ऑटोमॅटिक कटर घेण्याआधी खरेदीच्या टेबलावर एक भरवशाचा माणूस, साधा अडकित्ता आणि ग्रॅमचा काटा ठेवा.

बीमध्ये फसगत होते ती मुख्यतः दोन ठिकाणी. एक, झाडावरून तोडलेली कोवळी बी. पिकून खाली पडलेल्या बीत गर भरलेला असतो. तोडलेल्या बीतला वाळवताना आक्रसतो. दर चढा असला, चोरीची भीती असली की लोक तोडतात. दोन, मागच्या वर्षीची उरलेली बी नव्यात मिसळून येते. तिचं टरफल निस्तेज दिसतं, गर पिवळसर निघतो. वेंगुर्ला-४ किंवा वेंगुर्ला-७ या कलमांची बी वेगळी गोळा करता आली तर करा. वेंगुर्ला-७ ची एक बी सुमारे दहा ग्रॅमची असते आणि दोन्ही जातींत गराचं प्रमाण तीस टक्क्यांच्या वर जातं. गावठी बीत मिसळून एकाच भावात घेतली, तर पुढच्या वर्षी शेतकरी ती तुम्हाला का देईल?

साठवणीत चुकलं तर आधीची सगळी मेहनत वाया जाते. ताजी बी ओली असते. दोन-तीन कडक उन्हं देऊन ओलावा ८ टक्क्यांवर आणायचा. ओंजळभर बी हलवली की खळखळ वाजली पाहिजे आणि टरफलात नख रुतता कामा नये. गोणपाटाच्याच गोण्या, फळ्यांवर, जमिनीपासून अर्धा फूट उंच आणि भिंतीपासून सुटून. प्लास्टिकच्या पोत्यात ओल कोंडते. कोकणात जूनमध्ये हवेतच एवढं पाणी असतं की मेमध्ये घाईने भरलेली अर्धओली बी ऑगस्टमध्ये फोडताना आतून काळपट निघते. तेव्हा दोष बॉयलरवाल्याला दिला जातो.

कारखान्यातली कामं त्यामानाने सरळ आहेत. आकारानुसार चाळून घ्यायचं, कारण लहान-मोठी बी एकत्र वाफवली तर लहान करपते आणि मोठी कच्ची राहते. वाफ साधारण वीस मिनिटं, मग पसरून रात्रभर थंड. गरम असताना फोडली तर गर मऊ असतो, चिरतो. फोडल्यावर बोरम्यात, म्हणजे गर वाळवायच्या भट्टीत, ७० अंशांच्या आसपास सहा ते आठ तास, ट्रे वर-खाली बदलत. ट्रे बदलायला आळस केला की वरचा गर तपकिरी पडतो आणि खालची साल चिकटून राहते. बाहेर काढलेला गर ठिसूळ असतो. लगेच सोलायला घेऊ नका, थोडी दमट हवा लागू द्या. भरताना ओलावा ५ टक्क्यांच्या आत. ग्रेड पौंडात किती दाणे बसतात त्यावर: डब्ल्यू-२४० म्हणजे २२० ते २४०, डब्ल्यू-३२० म्हणजे ३०० ते ३२०. टरफलातलं तेल हात भाजतं, म्हणून फोडणाऱ्या बायकांना हातमोजे किंवा हाताला लावायला तेल देणं कारखान्याचं काम आहे. टरफल स्वतःच्या बॉयलरमध्ये जाळून इंधन वाचवायचा मोह टाळा. धूर डोळ्यांना झोंबतो, शेजारी तक्रार करतात, प्रदूषण मंडळाचं पत्र येतं. तेल काढणाऱ्यांना टरफल विका; ब्रेक लायनिंग आणि रंगांना ते तेल लागतंच.

लावणीच्या दिवसांत आणि गणपतीत माणसं येत नाहीत. २५० दिवस धरलेत ते हे वगळूनच धरा. आणि दिवाळीचा माल त्याच सुमारास तयार लागतो.

मग कमी पैशात उतरायचं कसं? पहिल्या वर्षी १२५ टनांच्या भानगडीत पडू नका. पाचशे किलोची यंत्रणा बसवली तरी स्वतःची बी चाळीस-पन्नास टनच घ्या आणि उरलेले दिवस मोठ्या कारखानदाराची बी मजुरीवर फोडून द्या. मजुरीत नफा कमी, पण भांडवल त्याचं, उताऱ्याची जोखीम त्याची आणि तुमची माणसं तयार होतात. करारात उताऱ्याची मोजणी दोघांसमोर आणि तुकड्याची मर्यादा लिहून घ्या. टांझानियाची बी ऑक्टोबर ते डिसेंबरात निघते. आयातदाराकडून ती महिन्याच्या गरजेपुरती उचलली तर पैसा वर्षातून दोनदा फिरतो आणि पावसातल्या साठ्याचा भारही निम्म्यावर येतो.

गोदाम मात्र स्वतःचं हवं. कृषी पायाभूत सुविधा निधीत गोदाम आणि प्राथमिक प्रक्रियेच्या कर्जाला दोन कोटींपर्यंत ३ टक्के व्याज सवलत सात वर्षं मिळते. नवी मंजुरी चालू आहे का, ते बँकेत विचारा. शेतकरी उत्पादक कंपनी सोबत असेल तर आणखी एक वाट निघते. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत काजू बी बसते, कर्ज ६ टक्क्यांनी १८० दिवसांसाठी, पण फक्त शेतकऱ्याला, व्यापाऱ्याला नाही. शेतकऱ्याने बी बाजार समितीच्या गोदामात ठेवली, तारणावर उचल घेतली आणि तुम्ही ती पावसाळ्यात टप्प्याटप्प्याने सोडवून घेतली, तर मेमधला ताण बराच हलका होतो. दर आधी ठरवायचा की उचलण्याच्या दिवशीचा, हे मार्चमध्येच कागदावर आणा. ऑगस्टमध्ये भाव वीस रुपयांनी हलला की तोंडी ठरलेलं कुणालाच आठवत नाही.