वेनहॅस्टन १:२४ : रूड एकदाचा जुळला!

इंग्लंडमधल्या वेनहॅस्टन चर्चचं माझं १:२४ मॉडेल चालू आहे. छतानंतर ‘डूम (अंतिम न्यायाचं लाकडी पाटावरचं जुनं चित्र) कधी?’ म्हणून ज्यांनी पिच्छा पुरवला, त्यांच्यासाठी हा अख्खा अपडेट डूमचाच.

मूळ पाट सुमारे १७ फूट रुंद, म्हणजे आपल्या मॉडेलमध्ये साडेआठ इंच. रंगकाम बरंचसं उरकलंय. अंगावर काही नाही, पण डोक्यावर मुकुट आणि टोप्या शाबूत, अशा थाटात राजा, राणी, बिशप आणि कार्डिनल संत पीटरपुढे उभे आहेत. कार्डिनलची टोपी ०००च्या (अगदी बारीक) ब्रशने एका दमात उतरली. मजा आली.

छळलं ते मधल्या कोऱ्या आकृत्यांनी. रूड म्हणजे क्रूस, मरिया आणि योहान यांचे पुतळे; त्यांच्या मागची फळी चित्रकाराने रंगवलेलीच नाही. पुतळे लॉफ्टच्या (लाकडी पडद्यावरच्या सज्जाच्या) कठड्यावर उभे करून पाहिले, फळीच्या दीड इंच पुढे. फोनचा एंडोस्कोप (बारीक कॅमेरा) नेव्हमध्ये, म्हणजे लोक जमतात त्या दालनात, अडीच इंचांवर, माणसाच्या नजरेच्या उंचीला धरला की क्रूस चित्रावर अर्धा इंच वर सरकलेला दिसे आणि आडव्या दांड्याखाली कोऱ्या फळीचा पट्टा उघडा पडे. कॅमेरा पुढे नेला की फरक आणखी वाढे. क्रूस लहान केला, कठडा तासला. एक जुळलं की दुसरं बिघडायचं.

उत्तर त्या कोऱ्या जागांतच होतं. पुतळा फळीपासून लांब असेल तर त्याच्या आकाराची जागा सोडून उपयोग काय? बघणारा दोन पावलं हलला की सगळं फसणार. म्हणजे पुतळे फळीला भिडलेलेच असणार. पुतळ्यांच्या प्रिंटच्या पाठी सपाट घासल्या, पाटाच्या तळाशी तुळई दिली, पितळी पिनांवर पुतळे बसवले. आता नेव्हमध्ये कुठूनही बघा, कोरं काही दिसत नाही!

दिसत नाहीत ते मरियेचे पाय, कारण कठडा आड येतो. वेनहॅस्टनचा लॉफ्ट उरलेला नाही, म्हणून डेव्हनमधल्या अ‍ॅथरिंग्टन चर्चच्या कठड्यावरून नक्षी घेतलीय. तो खाली घ्यावा तर लॉफ्टखालचा पडदा बुटका होतो.

थांबा, लिहिता लिहिताच सुचतंय. लॉफ्ट सुटा ठेवला तर? एलिझाबेथ राणीच्या १५६१च्या आदेशाने लॉफ्ट उतरवायचेच होते, खालचे पडदे मात्र ठेवायचे होते. चुंबकांवर बसवला की लॉफ्टही निघेल, पिनांवरचे पुतळेही. मग उरेल चुना फासलेला पाट. खरा पाट १८९२मध्ये चर्चच्या आवारात टाकून दिला होता आणि पावसाने चुना धुतल्यावर चित्र वर आलं. तेच इथे करायचं. वॉर्निशवर खडूची पूड आणि पातळ डिंक लावायचा, मग ओल्या स्पंजने पुसायचं. वॉर्निश ब्रशनेच. या हवेत मॅट स्प्रे पांढुरका पडतो, तसं झालं तर खालचं चित्रच जाईल.

चाचणी आधी टाकाऊ फळीवर. नरकाच्या माशाचा जबडा अजून रंगवायचा आहे, तो चुन्याआधी संपवायलाच हवा.