गादीची शस्त्रक्रिया नळीतून: खरी कसोटी नळी टेकवताना

कमरेच्या दोन मणक्यांमधली सरकलेली गादी (डिस्क) नळीतून काढायची पद्धत केविन फोली आणि मॉरिस स्मिथ यांनी १९९७ मध्ये मांडली. तेव्हा नळीत एंडोस्कोप, म्हणजे आत पाहायची दुर्बीण असे. आता बरेच सर्जन मायक्रोस्कोप वापरतात. रुग्ण विचारतात छेदाबद्दल, पण मोठा फायदा आत आहे: स्नायू हाडापासून सोलावे लागत नाहीत, त्यांचे तंतू नुसते बाजूला सरतात.

मात्र १८ मिलिमीटरच्या नळीतून आजूबाजूचं काही दिसत नाही. म्हणून आधी सुई टोचून सी-आर्मवर (शस्त्रक्रियेत वापरायचं एक्स-रे यंत्र) आडव्या बाजूने पातळी, म्हणजे नेमका कुठला मणका ते पक्कं करायचं. घाईत चुकीच्या मणक्यावर पोचणं इथे फार सोपं आहे. मध्यरेषेपासून साधारण दीड सेंटीमीटरवर छेद घ्यायचा, पाठीचं जाड आवरणही तेवढंच कापायचं.

पहिला डायलेटर (वाट रुंद करणारी कांडी) लॅमिनाच्या, म्हणजे मणक्याच्या मागच्या हाडाच्या पट्टीच्या खालच्या कडेवर, फॅसेट सांध्याजवळ (दोन मणक्यांना मागे जोडणारा सांधा), हाडावरच टेकला पाहिजे. आधी वाट दाखवणारी बारीक तार घातली आणि ती दोन लॅमिनांमधल्या फटीत घसरली, तर थेट ड्यूराला, म्हणजे नसांभोवतीच्या आवरणाला भोक पडतं. एल५-एस१ला (कमरेचा शेवटचा मणका आणि त्याखालचं माकडहाडाच्या वरचं हाड यांच्यामध्ये) ही फट रुंद, म्हणून धोकाही जास्त. तार टाळून बोथट डायलेटरनेच सुरुवात करावी, हे माझं ठाम मत.

त्याच डायलेटरच्या टोकाने हाडावरचे स्नायू खरवडायचे, मग एकावर एक मोठे डायलेटर आणि शेवटी नळी. नळीची लांबी मोजूनच निवडायची. आखूड पडली की कडेखालून स्नायू आत घुसतो आणि निम्मा वेळ तो जाळण्यात जातो. लांब झाली की अवजारं पोचत नाहीत. नळी टेबलाला जोडलेल्या धातूच्या हातात (पकडीत) घट्ट करताना ती खाली दाबून धरायची, आणि सी-आर्मवर ती गादीच्या रेषेत आहे ना, हे पुन्हा पाहायचं.

पुढचं काम नेहमीचंच: बरने (हाड झिजवणारं फिरतं अवजार) लॅमिनाची कड, केरिसन पंचने (हाड-ऊती कुरतडणारं अवजार) लिगामेंटम फ्लेव्हम (लॅमिनांना जोडणारा पिवळा अस्थिबंध) काढायचा, मग नस (मज्जातंतू) मध्याकडे सारून गादीचा तुकडा. अवजारं बायोनेट आकाराची, म्हणजे मध्ये बाक असलेली हवीत, नाहीतर स्वतःचाच हात नजरेआड येतो. गादीत चिमटा ३ सेंटीमीटरपलीकडे नेऊ नये. पुढच्या बाजूला मोठ्या रक्तवाहिन्या आहेत.

ड्यूरा फाटला तर नळीत टाके घालणं अवघड. लहान फाट पॅच आणि फायब्रिन ग्लूने (ऊती चिकटवणारा गोंद) भागते, कारण नळी काढली की स्नायू मिटतात आणि ड्यूरातलं पाणी साचायला पोकळी उरत नाही. मोठ्या फाटीला टाकेच हवेत. तेवढ्यासाठी छेद वाढवावा लागला तर वाढवावा. नळी बाहेर घेताना मायक्रोस्कोपखाली सावकाश, स्नायूतला प्रत्येक रक्तस्राव बायपोलरने (विजेच्या चिमट्याने) थांबवत.