पत्रात न लिहिलेली दिल्ली

एम. मुकुंदन यांची ‘दिल्ली गाथकळ’ ही मल्याळम कादंबरी २०११ साली प्रसिद्ध झाली. फातिमा ई. व्ही. आणि नंदकुमार के. यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद २०२० मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी त्याला जेसीबी साहित्य पुरस्कार मिळाला. मी ती वाचली ती या अनुवादातूनच. मल्याळम मला चार-सहा शब्दांपलीकडे येत नाही, आणि तेवढे शब्दही मी शिकलो ते केरळात नाही, तर दिल्लीतल्या लाजपतनगरातल्या एका बरसातीत. बरसाती म्हणजे घराच्या गच्चीवरची खोली, उन्हाळ्यात भट्टी आणि हिवाळ्यात बर्फाची लादी. नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात नोकरीच्या निमित्ताने मी पाच वर्षे अशा एका खोलीत काढली, आणि शेजारच्या, याच गच्चीला लागून असलेल्या दुसऱ्या खोलीत निवृत्तीला टेकलेले एक मल्याळी स्टेनोग्राफर राहत असत. त्यांना आम्ही सगळे ‘चेट्टा’ म्हणत असू, म्हणजे दादा. ही कादंबरी वाचताना ते मला सतत आठवत राहिले, म्हणून या लेखात त्यांचे येणे अपरिहार्य आहे. पण लेख कादंबरीविषयीच आहे.

कादंबरीचा नायक सहदेवन हा १९५९ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, केरळाच्या बाजूने दिल्लीला येतो. त्या वर्षाचे महत्त्व मल्याळी वाचकाला सांगावे लागत नाही. त्याच वर्षी ३१ जुलैला केंद्र सरकारने केरळातले, १९५७ साली निवडून आलेले पहिले कम्युनिस्ट सरकार बरखास्त केले होते. एकीकडे दिल्लीवरचा राग आणि दुसरीकडे दिल्लीच्याच सचिवालयात कारकुनी मिळावी म्हणून टंकलेखन आणि लघुलेखन शिकून गाडीत बसणारी तरुण मुले, असा तो काळ होता. मद्रासला गाडी बदलून ग्रँड ट्रंक एक्स्प्रेसने बल्लारशा, वर्धा, नागपूर, इटारसी असे वर जायचे. जुन्या दिल्लीकर मल्याळ्यांच्या आठवणीत महाराष्ट्र म्हणजे बहुधा नागपूर स्थानकावर खिडकीतून घेतलेली संत्री एवढाच असतो. चेट्टा यांच्या आठवणीत तरी तेवढाच होता.

सहदेवनला आधार देतो तो श्रीधरनुण्णी. हा कामगार संघटनेतला निष्ठावान माणूस, आणि चीनवर त्याची भक्ती. त्याची पत्नी देवी आणि विद्या व सत्यनाथन ही मुले हेच सहदेवनचे दिल्लीतले घर बनते. १९६२ च्या ऑक्टोबरात चीनने भारतावर हल्ला केल्याची बातमी येते आणि ती ऐकून श्रीधरनुण्णी कोसळतो तो उठतच नाही. कादंबरीतला हा प्रसंग सांगायला सोपा आणि लिहायला अत्यंत अवघड आहे, कारण बातमीच्या धक्क्याने माणूस मरणे ही गोष्ट जरा इकडची तिकडे झाली तर नाटकी वाटते. मुकुंदन तिला नाटकी होऊ देत नाहीत. विचारधारेचे खरेखोटे करत ते बसत नाहीत. आता या बाईने घरभाडे कसे द्यायचे आणि पोरांच्या पोटात काय घालायचे या प्रश्नाकडे ते ताबडतोब वळतात. हिमालयातले युद्ध महिन्याभरात थांबले. त्या घरातले पुढे वर्षानुवर्षे चालू राहिले.

येथे मराठी वाचकाला एक गोष्ट आठवल्याखेरीज राहणार नाही. त्या पराभवाची किंमत म्हणून ज्यांना संरक्षणमंत्रिपद सोडावे लागले ते व्ही. के. कृष्ण मेनन हे कोळिकोडचे मल्याळी, आणि लोकसभेवर मात्र ते १९५७ आणि १९६२ अशा दोन्ही वेळा निवडून गेले होते उत्तर मुंबईतून. त्यांच्या जागी गेले यशवंतराव चव्हाण. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत, आणि त्या वाक्याच्या पाठीमागे आणखी कोणाच्या घरी काय पडझड झाली असेल, असा विचार निदान माझ्या मनात तरी कधी आला नव्हता. दिल्ली म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तख्त येते, पानिपत येते, शाहआलमला पुन्हा गादीवर बसवणारे महादजी शिंदे येतात. मल्याळी माणसाला दिल्लीत तख्ताशी कर्तव्य नव्हते. त्याला एक खोली हवी होती आणि महिन्याच्या सुरुवातीला मनीऑर्डर करण्याइतके पैसे हवे होते.

मनीऑर्डर हा या कादंबरीचा खरा कणा आहे, असे मला वाटते. बहिणीचे लग्न, घरचे कर्ज, म्हाताऱ्या आईबापांचे औषधपाणी यांसाठी पैसे धाडता धाडता सहदेवनचे स्वतःचे लग्न मागे पडत जाते आणि वय पुढे जात राहते. कोकणातल्या ज्या घरांनी मुंबईच्या चाकरमान्याच्या पैशांवर दोन पिढ्या काढल्या त्यांना हे समजावून सांगायला नको. फरक एवढाच की चाकरमानी शिमग्याला आणि गणपतीला गावी जाऊ शकत होता. दिल्लीचा मल्याळी तीन-तीन दिवसांच्या प्रवासामुळे वर्षातून एकदा, काही वेळा दोन वर्षांतून एकदा जायचा, आणि मधल्या काळातले त्याचे सगळे आयुष्य आंतर्देशीय पत्राच्या त्या निळ्या कागदावर मावेल तेवढेच घरी कळायचे.

त्या पत्रांविषयी चेट्टा यांनी एकदा सांगितलेली गोष्ट मला या कादंबरीची किल्ली वाटते. जानेवारीतली सकाळ होती. खोबरेल तेलाची बाटली थिजून पांढरी झाली होती आणि ती त्यांनी कठड्यावर, उन्हाच्या एकमेव पट्ट्यात, ऊन सरकेल तशी सरकवत ठेवली होती. ती बाटली वितळेपर्यंत अंघोळ करायची नाही हा त्यांचा नेम. तेवढ्या वेळात ते घरी पत्र लिहीत, आणि प्रत्येक पत्राचा आरंभ ठरलेला असे: येथे मला सुखम, तेथे सर्वांना सुखम असावे. आपल्याकडच्या ‘इकडील सर्व क्षेम’चाच हा भाऊ. मी सहज विचारले की चौऱ्याऐंशीच्या नोव्हेंबरातही, दिल्लीत शिखांची कत्तल झाली तेव्हाही, हेच लिहिले होते का. ते म्हणाले, ‘और क्या लिखता? घर पर बूढ़ी अम्मा थी.’ बाटलीकडे बघतच म्हणाले.

सहदेवन दिल्लीत स्वतःशीच बोलत राहतो, चालताना, जागेपणी, रात्री पडल्या पडल्या. इंग्रजी अनुवादाच्या शीर्षकात म्हणूनच ‘स्वगत’ या अर्थाचा शब्द आला आहे. मूळ शीर्षकातल्या ‘कळ’ या प्रत्ययाने मात्र अनेकवचन होते, म्हणजे ते नाव ‘दिल्लीच्या गाथा’ असे आहे. अनेकांच्या गाथांचे एकट्याचे स्वगत करून टाकले, हा फरक काही लहान नाही, आणि मला मूळ नावच अधिक आवडते; मराठी कानाला तर गाथा म्हटले की लगेच ओळख पटते. तरीही अनुवादकांनी हा शब्द का निवडला असेल ते त्या पत्रांमुळे कळते. घरी ‘सुखम’ लिहून झाल्यावर जे उरते ते सांगायचे कोणाला? सहदेवन ते स्वतःला सांगतो, आणि मग त्यातूनच एक कादंबरी लिहू पाहतो.

त्या न लिहिलेल्यात काय काय आहे याची यादी मोठी आहे. १९६५ आणि १९७१ ची युद्धे आहेत, निर्वासितांचे लोंढे आहेत, भूक आहे. हुंड्याचे पैसे जमवण्यासाठी दिल्लीला आलेली आणि शेवटी देहविक्रयाच्या वाटेला लागलेली रोसिली आहे. वासू नावाचा चित्रकार आहे. कुंञिकृष्णन हा पत्रकार आहे आणि त्याची बायको ललिता. १९७५ च्या जूनमध्ये आणीबाणी लागू झाल्यानंतर या पत्रकाराला पकडून नेतात आणि तो परत येतो तो पूर्वीचा माणूस राहिलेला नसतो. सक्तीच्या नसबंदीची आणि झोपड्यांवर फिरलेल्या बुलडोझरची ती वर्षे मुकुंदन यांनी आपल्याला अपेक्षित असतात तितक्या चढ्या आवाजात लिहिलेली नाहीत. तुर्कमान गेटला १९ एप्रिल १९७६ रोजी गोळीबार झाला, ही आपल्यासाठी इतिहासातली तारीख आहे. भाड्याच्या खोलीतल्या माणसाला ती तारीख म्हणून कळत नाही. रोजचा एखादा माणूस आज दिसला नाही, एवढेच त्याला कळते.

हे सर्व लिहिणाऱ्याला दिल्ली आतून ठाऊक होती. मुकुंदन यांचा जन्म १९४२ चा, माहे येथला, म्हणजे मल्याळमात मय्यळी. नदीच्या मुखाशी वसलेली ही चिमुकली फ्रेंच वसाहत १९५४ साली भारताकडे आली आणि आजही, तीन बाजूंनी केरळ आणि चौथीला समुद्र असूनही, पुदुच्चेरीचा भाग आहे. मुकुंदन १९६१ मध्ये दिल्लीच्या फ्रेंच दूतावासात नोकरीला लागले आणि २००४ पर्यंत तेथेच होते. फ्रेंच अमलाच्या, गोव्यापेक्षाही लहान अशा त्या गावावर त्यांनी १९७४ साली जी कादंबरी लिहिली ती मल्याळी माणसाला तोंडपाठ असते. पण ती लिहिली गेली दिल्लीत बसून. त्या काळात ते एकटेही नव्हते. ओ. व्ही. विजयन, व्ही. के. एन., काक्कनाडन ही सगळी मंडळी साठच्या दशकात दिल्लीत नोकऱ्या करत होती, आणि मल्याळम साहित्यातल्या आधुनिकतेचा एक मोठा भाग कोची-तिरुवनंतपुरमच्या ऐवजी या उत्तरेकडच्या रुक्ष, धुळीच्या शहरात घडला. मुकुंदन यांनी १९६९ मध्येही दिल्लीवर एक कादंबरी लिहिली होती. ती तरुणाची होती, सगळ्याला नकार देणारी. ‘दिल्ली गाथकळ’ ही सत्तरीकडे झुकलेल्या माणसाने लिहिलेली आहे, आणि तिच्यात नकाराची जागा हिशेबाने घेतली आहे: कोण आले, कोण राहिले, कोण गेले.

शहराचे बदलणेही याच हिशेबात येते. १९६१ च्या जनगणनेत दिल्लीची लोकसंख्या सुमारे २६ लाख होती, १९८१ मध्ये ती ६२ लाखांवर गेली. फाळणीतून आलेल्या पंजाबी निर्वासितांनी वसवलेल्या वस्त्यांमध्ये हे दक्षिणेकडचे लोक भाडेकरू म्हणून शिरले. एकाने घर कायमचे गमावलेले आणि दुसऱ्याने ते पैशांसाठी मागे ठेवलेले. केरळाचे असोत की आंध्राचे, घरमालकाला हे सगळे ‘मद्रासी’. (त्याच दशकात, १९६६ नंतर, मुंबईतही या शब्दाच्या आडून दाक्षिणात्यांना काय काय ऐकवले गेले, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.) पण घरमालक आणि भाडेकरू यांच्यात हळूहळू जे एक नाते तयार होते ते मुकुंदन फार चांगले टिपतात, आणि म्हणूनच ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधींची हत्या झाल्यानंतरचे दिवस जेव्हा कादंबरीत येतात तेव्हा शीख हे कोणी परके राहिलेले नसतात. एकट्या दिल्लीत २,७३३ शीख मारले गेले, असा अधिकृत आकडा आहे. तो भाग मी एका बैठकीत वाचू शकलो नाही.

कादंबरीत दोष नाहीत असे मी म्हणणार नाही. पाचशेहून अधिक पानांत जी जी आपत्ती देशावर आली ती नेमकी सहदेवनच्या ओळखीतल्या कोणावर तरी कोसळते, आणि अर्ध्यावर आल्यानंतर वाचक तारखा मोजू लागतो: आता पंचाहत्तर, म्हणजे आता कोणाची पाळी? इतिहासाच्या वेळापत्रकाप्रमाणे माणसे मरू लागली की त्यांचे मरण थोडे कमी दुखते. दुसरे म्हणजे सहदेवन स्वतः. तो चांगला आहे, मदतीला धावतो, पण निर्णायक क्षणी तो बहुतेक वेळा बघणाराच असतो. प्रारंभी मला याचा राग येत होता. नंतर वाटले की ज्याचे पैसे थांबले तर हजार कोसांवरची चूल थांबेल, त्याला रस्त्यावर उतरण्याची चैन परवडत नसावी. हे समर्थन मला पूर्ण पटले आहे असेही नाही. चेट्टा चौऱ्याऐंशीच्या त्या दिवसांत खोलीचे दार लावून बसले होते, हे त्यांनी मला स्वतः सांगितले होते आणि त्याबद्दल एक शब्दही अधिक बोलले नव्हते.

निवृत्तीनंतर दोन पत्र्याच्या ट्रंका घेऊन ते केरळ एक्स्प्रेसने गेले. गावी त्यांनी मनीऑर्डरींतून बांधलेले घर होते. त्या घरात ते आयुष्यभरात सगळे मिळून किती दिवस राहिले असतील, याचा हिशेब त्यांनी एकदा गच्चीवर बोटांवर केला होता आणि मध्येच सोडून दिला होता. गेल्यावर वर्षभराने त्यांचे पत्र आले, इंग्रजीत, टंकलिखित, समास अगदी सरळ. पाऊस चांगला झाला, फणस धरला आहे, कोणाशी बोलावे असे फारसे कोणी उरलेले नाही, असे लिहिले होते, आणि त्यातले शेवटचे वाक्य टंकयंत्रावर फुल्या मारून खोडले होते, तरी उजेडात धरले की वाचता येत होते. खाली हाताने, देवनागरीत, खास माझ्यासाठी एकच शब्द होता: सुखम.