एकेचाळीस चेहरे

लहानपणी वहीच्या मागच्या पानावर मैत्रिणी फुलं आणि डोंगर काढायच्या तेव्हा मी चेहरे काढायचे. पुढे चित्रकलेची शिक्षिका झाले, तरी ती ओढ तशीच राहिली. फक्त वेळ कमी झाला. रात्री घरी बसून जी व्यक्तिचित्रं काढायचे ती सगळी फोटोवरून. फोटोवर चौकटी आखायच्या, कागदावर तेवढ्याच चौकटी आखायच्या आणि एकेक चौकट उतरवत जायचं. चित्रं हुबेहूब यायची, लोक कौतुकही करायचे. पण चित्र पूर्ण झाल्यावर त्या माणसाला भेटल्यासारखं मला कधी वाटलं नाही.

एका वर्षी सातवीच्या वर्गात एका मुलाने विचारलं, "बाई, समोर बसलेल्या माणसाचं चित्र तुम्ही काढू शकता?" मी हो म्हटलं आणि त्यालाच खुर्चीवर बसवलं. पंधरा मिनिटांनी कागद वर्गाकडे फिरवला. डोळे नीट होते, नाक नीट होतं, ओठही नीट होते, पण मुलगा दुसराच होता. कोणी काही बोललं नाही. मुलं माझ्यावर माया करणारी होती, म्हणून गप्प बसली. ती शांतता मला फार लागली.

त्याच आठवड्यात ठरवलं, या वर्गातल्या प्रत्येकाचं चित्र समोर बसवून काढायचं. पटावर एकेचाळीस नावं होती. परवानगी घेतली, पालकांना कळवलं आणि मधल्या सुट्टीत आठवड्याला दोन मुलं असं सुरू केलं. एका बैठकीला वीस मिनिटं. त्याहून जास्त वेळ बारा-तेरा वर्षांचं मूल एका जागी बसत नाही आणि बसवूही नये.

पहिली आठ-दहा चित्रं वाईट झाली. माझी सवय डोळ्यापासून सुरुवात करायची. डोळा काढायला मला मनापासून आवडतं. वरच्या पापणीची सावली बुबुळावर पडते, त्यामुळे डोळ्याचा पांढरा भाग खरं तर पांढरा नसतोच, आणि त्या करड्या रंगात चकाकीचा एकच ठिपका कोरा सोडला की डोळा जिवंत होतो. त्या ठिपक्यासाठी मी सगळं करायचे. पण एक डोळा सुंदर काढून झाला की बाकीचा चेहरा त्या डोळ्याच्या मागे फरफटत जातो. तो चुकीच्या जागी असला तरी पुसायचा धीर होत नाही, मग नाक, तोंड, कान सगळेच जरा जरा सरकतात.

म्हणून मी स्वतःलाच एक नियम घालून घेतला. पहिली दहा मिनिटं डोळे काढायचे नाहीत. डोळे बारीक करून बघायचं, म्हणजे तपशील विरघळतात आणि उजेड-सावलीचे मोठे तुकडे तेवढे उरतात. डोक्याचा कल, मानेचा तिरपा कोन, खांदे कुठे उतरतात, केसांचा एकसंध गडद आकार, हे आधी कोळशाने हलकेच मांडायचं. कोळसा बोटाने पुसता येतो, त्यामुळे चूक दुरुस्त करताना जीव अडकत नाही. मग हात ताणून, कोपर न वाकवता, एक डोळा मिटून पेन्सिलीने मापं घ्यायची. हनुवटीपासून भुवईपर्यंत किती, भुवईपासून केस सुरू होतात तिथपर्यंत किती. हे मी वर्षानुवर्षं मुलांना शिकवत आले होते. स्वतः मात्र सराईत हात झाल्यावर सोडून दिलं होतं.

बारावा मुलगा मान कायम डावीकडे किंचित कलती ठेवून बसायचा, जणू कोणीतरी हळू आवाजात बोलतंय आणि तो कान देतोय. त्याच्या चित्रात डोळे नव्हते, नाक नव्हतं, नुसता डोक्याचा आकार, तो कल आणि एका बाजूला उभे राहिलेले केस. तेवढ्यात खिडकीतून डोकावणाऱ्या दोघींनी त्याचं नाव घेतलं. मी पेन्सिल खाली ठेवली. त्या दिवशी मला इतका आनंद झाला की पुढचा तास मी जवळजवळ मोकळाच सोडला.

तरी एक गोष्ट खटकत होती. मुलं ओळखू येऊ लागली होती, पण मोठी दिसत होती. एका मुलीची तीन चित्रं काढली आणि तिन्ही वेळा ती तिच्या मोठ्या बहिणीसारखी आली. तिसऱ्या चित्रावर मी पट्टी ठेवून बसले. डोकं बरोबर मध्ये विभागलं की त्या रेषेवर डोळे येतात, नाकाचा तळ भुवई आणि हनुवटीच्या साधारण मध्यावर येतो, ही मापं हाताला इतकी पाठ की हात न विचारता तिथेच जातो. पण ती मोठ्या माणसाची मापं आहेत. लहान मुलाची कवटी चेहऱ्याच्या मानाने मोठी असते, जबडा अजून वाढायचा असतो, नाक आखूड असतं. बाळाचे डोळे तर मध्यरेषेच्या बरेच खाली असतात आणि वय वाढतं तसे ते वर सरकत जातात. माझ्या चित्रात तिच्या नाकापासून हनुवटीपर्यंतचा भाग फक्त तीन मिलिमीटर जास्त लांब होता. तेवढ्या तीन मिलिमीटरमध्ये तिची चार वर्षं गेली होती. चौथ्या चित्रात मी पाठ केलेलं सगळं बाजूला ठेवलं, फक्त तिलाच मोजलं आणि ती आली.

कॉलेजमध्ये चित्राची षडंगं आम्ही घोकली होती : रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजना, सादृश्य, वर्णिकाभंग. यशोधर या जुन्या भाष्यकाराने कामसूत्रावरच्या भाष्यात सांगितलेली ही सहा अंगं. परीक्षेपुरती ती ओळीने आठवायची. प्रमाण ढळलं की सादृश्य हातातून निसटतं, आणि प्रमाण दर माणसाचं वेगळं असतं, हे मला त्या मुलीच्या हनुवटीने शिकवलं.

हिवाळ्याच्या सुमारास मुलांना चित्राची भीती वाटेनाशी झाली आणि त्यांच्याकडून तक्रारी येऊ लागल्या. एक मुलगी आपलं चित्र हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बाई, छान आहे, पण ही मी नाही." मैत्रिणी म्हणत होत्या तूच आहेस, ती ऐकेना. मलाही चित्रात काही चूक दिसेना. तिची उजवी भुवई डावीपेक्षा किंचित वर आहे, तीही बरोबर आली होती. मग माझ्या लक्षात आलं आणि मी तिला हात धुवायच्या जागेवरच्या आरशासमोर नेऊन चित्र तिच्या चेहऱ्याशेजारी धरलं. आरशातल्या चित्राकडे बघून ती लगेच म्हणाली, "आता मीच!" आपण स्वतःला आयुष्यभर आरशातच बघतो, डाव्याचं उजवं झालेलं. तिची वर गेलेली भुवई तिच्या ओळखीच्या बाजूला नव्हती, एवढंच. तेव्हापासून मी आरसा जवळ ठेवते. चित्र काढताना मध्येच आरशात बघितलं की डोळ्याला सरावाने दिसेनाशी झालेली चूकही अचानक समोर येते. एक डोळा खाली गेलेला असतो, जबडा एका बाजूला ओढलेला असतो.

आरशावरून वर्गात ड्यूरर या जर्मन चित्रकाराचा विषय निघाला. आल्ब्रेख्त ड्यूररने १४८४ साली, तेरा वर्षांचा असताना, आरशात बघून स्वतःचं चित्र काढलं. ते आज व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात आहे. चांदीच्या टोकदार तारेने, खास लेप दिलेल्या कागदावर काढलेलं. त्या माध्यमात रेघ खोडता येत नाही म्हटल्यासारखंच असतं. "आपल्याएवढाच?" एकाने विचारलं. आपल्याएवढाच. मी त्याची प्रत फळ्यावर लावली. मुलं जवळ येऊन बघत राहिली आणि मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "तो आपल्याकडे बघत नाहीये." मी हे चित्र इतक्या वेळा बघितलं होतं, पण असं कधी मोठ्याने म्हटलं नव्हतं.

चष्म्याची मुलं पाच होती. चष्मा आधी रेखाटला की चेहरा चष्म्याला लटकतो, म्हणून चेहरा पुरता उभा करून मग चष्मा चढवायचा. जवळचं दिसतं आणि लांबचं दिसत नाही अशांच्या जाड भिंगातून गालाची कड तुटून आत सरकलेली दिसते. तो छोटासा तुकडा बघितला तसाच काढला की चष्मा खरा वाटतो. आणि हसू. सुरुवातीला मुलं हसून बसायची. पण हसू वीस मिनिटं टिकत नाही. दोन मिनिटांत डोळे हसायचे थांबतात आणि ओठ तसेच ताणलेले राहतात. मग मी सांगू लागले, हसू नकोस, मला काहीतरी सांग. मुलं बोलू लागायची, आणि बोलून थांबल्यावर ओठांच्या कोपऱ्यात जे उरतं ते मी टिपायचे. ओठांमधली रेषा आणि तिचे दोन कोपरे, बस. ओठांच्या बाहेरच्या कडा गिरवल्या की तोंड चिकटवल्यासारखं दिसतं.

कपड्यांवर मी आधी फार वेळ घालवत होते, कॉलर, बटणं, चुण्या. अँग्र या फ्रेंच चित्रकाराने रोममध्ये असताना तिथे आलेल्या प्रवाशांची पेन्सिलीने चित्रं काढून पोट भरलं होतं. त्यातले चेहरे अगदी नाजूक छटांनी पूर्ण केलेले आणि कपडे मात्र मोजक्या, पळत्या रेघांचे. ती चित्रं मी पुन्हा बाहेर काढून बघितली. सगळं सारखंच घोटलं की नजर कुठे थांबायचं ते विसरते. त्यानंतरच्या चित्रांत मी गणवेश सहा-सात रेघांत सोडून दिला आणि वाचलेली मिनिटं गालाच्या वळणाला दिली.

शेवटी एक मुलगा राहिला. त्याची पाळी आली की तो त्या दिवशी गैरहजर असायचा किंवा सुट्टीत दिसायचाच नाही. मी जबरदस्ती केली नाही. आपल्याकडे कोणी वीस मिनिटं टक लावून बघणं सगळ्यांना सोसत नाही, आणि सोसायलाच हवं असंही नाही. त्याला मी सांगितलं, तुला नको असेल तर चाळीस चित्रं पुरेत. तो काही बोलला नाही. वर्ष संपायला दोन आठवडे असताना सुट्टीत तो स्वतःच आला, पण हातात त्याची चित्रवही होती. म्हणाला, "मी माझं काढत बसतो, तुम्ही तुमचं काढा. माझ्याकडे बघताय असं सांगू नका."

तो खिडकीपाशी बसला, मी बाजूला. त्याचा चेहरा एका कडेने दिसत होता, खाली वळलेला. उजेड कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर आणि वहीवर. वहीवरून परत उसळून हनुवटीखालच्या सावलीत शिरणारा तो मंद उजेड इतका सुरेख होता की मी तिथला कोळसा कणकेसारख्या मऊ खोडरबराने एकदाच, अगदी हलके टिपून उचलला. पापण्या खाली असल्याने डोळा नव्हताच, नुसती एक वक्र रेघ. ओठ किंचित पुढे आलेले, तो जिथे रेघ वळवत होता तिथे तेही वळत होते. वीस मिनिटं कधी संपली ते दोघांनाही कळलं नाही. घंटा झाली, तरी तो उठला नाही, मीही उठले नाही.

मग त्याने मान वर केली आणि माझा कागद बघितला. बराच वेळ. चेहऱ्याबद्दल तो काहीच बोलला नाही. चित्रातल्या वहीच्या कोऱ्या पानावर बोट ठेवून त्याने विचारलं, "इथे माझं चित्र नाही काढलं?"

मी म्हटलं, "काढते ना. दाखव, काय काढतोयस?"

त्याने वही छातीशी धरली. "अजून पूर्ण नाही झालं, बाई."

ते पान मी कोरंच ठेवलं आहे.