वाढत्या अंगाचा बोर्ड घेऊ नका

लहानपणी आमच्याकडे शाळेचा युनिफॉर्म घ्यायला गेलं की आईचं एक वाक्य ठरलेलं, "वाढत्या अंगाचा द्या हो". दुकानदार पण न विचारताच दोन नंबर मोठा काढायचा. मग चड्डी गुडघ्याखाली, शर्टात वारा भरलेला, आणि नीट अंगाला बसेपर्यंत सातवी संपायची. ती सवय रक्तात गेलीये बहुतेक, कारण मी माझा पहिला वेकसर्फ बोर्ड घेतला तो पण अगदी याच हिशोबाने, फक्त उलट्या बाजूने, म्हणजे साइजला लहान. आत्ता नाही जमला तरी पुढच्या वर्षी जमेल, मग परत खर्च कशाला!

आम्ही अटलांटाच्या वर राहतो, लेक लेनियर घरापासून अर्ध्या तासावर. आम्ही चौघा मित्रांनी मिळून एक जुनी वेकबोट घेतलीये (त्याचे हिशोब हा वेगळा विषय, मैत्री टिकली एवढंच सांगतो). गणपतीत मंडळात कुणीतरी फोटो बघितले आणि तेव्हापासून दर आठवड्याला एक तरी फोन येतो, अरे बोर्ड कुठला घेऊ. तर हे एकदाच लिहून ठेवतोय, आता लिंक पाठवणार.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, वेकसर्फिंग म्हणजे बोटीच्या मागे जी लाट उठते तिच्यावर उभं राहायचं. सुरुवातीला दोरी धरून उठायचं आणि लाटेने ढकलायला सुरुवात केली की दोरी बोटीत टाकून द्यायची. बोट ताशी १० ते १२ मैलांनी चालते, म्हणजे पुण्यात लक्ष्मी रोडवर स्कूटर जाते तेवढीच. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो, हे फक्त इनबोर्ड बोटीच्या मागे करायचं, किंवा फॉरवर्ड ड्राइव्हच्या, म्हणजे ज्या बोटींचा पंखा मागे न लटकता पोटाखाली असतो. एकजण म्हणाला आमच्या पाँटूनला (सपाट, तराफ्यासारखी बोट) मागे आउटबोर्ड आहे, म्हणजे बाहेर लटकवलेलं इंजिन, चालेल ना? नाही चालणार. तुम्ही बोटीपासून जेमतेम पाच-दहा फुटांवर असता आणि पंखा बरोबर तुमच्या समोर. आणि एक्झॉस्टचा धूर, त्यातला कार्बन मोनॉक्साइड, तो काही दिसत नाही.

तर माझा बोर्ड. ४ फूट ४ इंच, स्किम टाइप, पातळ, खाली मागच्या बाजूला दोन नखाएवढ्या फिन (माशाच्या कल्ल्यासारख्या पट्ट्या, बोर्ड सरळ ठेवतात), सेलमध्ये लावलेला. व्हिडिओत ती पोरं गिरक्या घेतात ना, तसला. माझं वजन तेव्हा ८४ किलो, आणि खरं सांगायचं तर ते "तेव्हा" खोडलं तरी चालेल. पूर्ण उन्हाळा गेला. उठायचो, दोरी सैल व्हायची, अर्धा सेकंद वाटायचं हां आता झालं, आणि मग हळूहळू मागे मागे, लाट पुढे निघून चाललीये आणि मी एस्टी चुकलेल्या माणसासारखा बघतोय. सगळे सांगायचे पुढच्या पायावर वजन टाक. टाकलं की नाक पाण्यात घुसायचं आणि मी तोंडावर.

ऑगस्टमध्ये एका मित्राने त्याचा जुना ५ फूट २ इंची बोर्ड दिला, जाडजूड, तीन फिन, रंग उडालेला, गॅरेजमध्ये इस्त्रीच्या टेबलासारखा उभा असायचा. दुसऱ्या प्रयत्नात दोरी टाकली. दुसऱ्या! मी इतका दचकलो की हसता हसता पडलो.

झालं काय होतं तर लाटेत जोर तेवढाच असतो, तो तुमच्यापर्यंत किती पोचतो ते बोर्डावर आहे. लांब, रुंद, जाड बोर्ड म्हणजे पाण्यावर जास्त तरंगणार, लाटेचा रेटा जास्त घेणार. म्हणून नवीन माणसाने सर्फ टाइप घ्यावा, म्हणजे त्या मित्राच्या बोर्डासारखा जाड, मोठ्या फिनचा, स्किम नाही. प्रत्येक कंपनी वजनाचा तक्ता देते, रॉनिक्स, लिक्विड फोर्स, हायपरलाइट, कुणाचाही बघा, पण तुमचं वजन दोन साइजच्या मध्ये पडत असेल तर डोळे झाकून मोठा घ्या. आणि तुमची बोट जुनी असेल, बॅलास्टच्या (लाट मोठी व्हावी म्हणून बोटीत पाणी भरून ठेवायच्या) दोन पिशव्या भरून कशीबशी लाट येत असेल तर आणखी एक साइज मोठा, कारण नव्या मॅलिबू नाहीतर नॉटीक कंपनीच्या वेकबोटीमागे जो बोर्ड उडतो तो आमच्या बोटीमागे लोळतो.

पण मोठा म्हणजे सगळ्यांनाच चांगला असंही नाही. माझी बायको ५४ किलो, ती त्याच ५ फूट २ इंचीवर उभी राहिली तर बोर्ड तिला घेऊन थेट बोटीवरच चाललेला, ती मागच्या पायावर बसून ब्रेक मारतीये आणि ओरडतीये. तिला ४ फूट ८ इंची बरोबर बसला. साधी खूण आहे, पुढच्या पायावर पूर्ण वजन टाकूनही मागे पडत असाल तर बोर्ड लहान (किंवा बॅलास्ट कमी, आधी ते बघा, फुकट आहे), आणि सारखा ब्रेकच मारावा लागत असेल तर मोठा.

फिनबद्दल लोक फार कमी विचारतात आणि मला वाटतं तीच खरी मजा आहे. काढता येणाऱ्या फिनचाच बोर्ड घ्या. सुरुवातीला तिन्ही लावा, मोठ्या, बोर्ड रेल्वेसारखा सरळ जातो. दोरीशिवाय आरामात पाच मिनिटं राहता यायला लागलं, वर-खाली जाता यायला लागलं की मधली काढा. पहिल्यांदा वाटेल मागचं चाक घसरतंय, मग त्याचीच चटक लागते. आम्ही तर चहा पिता पिता नुसते स्क्रूड्रायव्हर घेऊन बसतो. हा बदल फुकटात होतो आणि जवळजवळ नवीन बोर्ड घेतल्यासारखा फरक पडतो, त्यामुळे दुसरा बोर्ड घ्यायच्या आधी पहिल्याच्या फिन सगळ्या प्रकारे लावून बघा.

दुसरा बोर्ड घेताना मग कडांकडे बघायचं. जाड गोल कडा चुका माफ करते, पातळ धारदार कडा लाटेला लगेच चावते, वळते झटकन, आणि पाय जरा चुकला की तितक्याच झटकन पाडते. बोर्डाचा बाक पण बघा, जास्त वाकलेला असेल तर नाक घुसत नाही पण वेग कमी, सपाट असेल तर पळतो. मी आता ४ फूट १० इंचीवर आहे, सर्फ टाइपच, दोन फिन. स्किमकडे गिरक्या मारायच्या असतील तरच जा, आणि बोटीची लाट दमदार असेल तर. नाहीतर माझा पहिला उन्हाळा परत वाचा.

किमतीचं म्हणाल तर साच्यात दाबून केलेले बोर्ड ४००-५०० डॉलरच्या आसपास मिळतात, जड असतात पण धक्क्यावर आपटले तरी काही होत नाही. हाताने बनवलेले हलके कार्बनवाले हजाराच्या पुढे, आणि त्यांना टवके जातात, मुलं जिथे बोर्ड टाकतात ते बघता मी तरी नाही घेणार. कुठलाही असो, जुलैत बंद गाडीत नाहीतर धक्क्यावर उन्हात उलटा सुलटा टाकून ठेवू नका, थर सुटतात, फुगे येतात. एक बोर्ड असा घालवलाय, कुणी ते विचारू नका.

बाकी लीश, म्हणजे बोर्ड पायाला बांधायचा पट्टा, लावायचा नाही, समुद्रावर लावतात म्हणून इथे लावू नका. लाइफ जॅकेट हवंच. आणि किनाऱ्यापासून, लोकांच्या धक्क्यांपासून लांब राहा, जॉर्जियात २०० फुटांचा नियम आहे, आणि नियम सोडा, आपल्या लाटेने कुणाची बांधलेली बोट आपटली की तो माणूस काय बोलतो ते मी ऐकलंय. शनिवारी दुपारी लेनियरवर इतकी गर्दी की पाणी उकळल्यासारखं दिसतं, आम्ही सकाळी सातला जातो, पोहे डब्यात.

आणि तो ४ फूट ४ इंची? दोन वर्षं विकायला काढला होता, कुणी घेईना. यावर्षी मुलगा अकरा वर्षांचा झाला, ३७ किलो, म्हणाला मी बघू का. फिन मोठ्या लावून दिल्या. दुसऱ्या दिवशी दोरी टाकली त्याने, आणि लाटेवर उभा राहून माझ्याकडे हात हलवतोय. म्हणजे वाढत्या अंगाचाच घेतला होता मी, अंग दुसऱ्याचं निघालं. आता त्यावर स्वतःचं नाव लिहिलंय मार्करने, आणि मला सांगतो, बाबा तू तुझं टेबल घे.