पहिलीचा वर्ग कुणाला द्यावा?

आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्या अनेकांनी पुढे प्राथमिक शिक्षकाची वाट धरली, मीही त्यांतलाच. शाळेच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत आठवणी बरेच जण लिहितील. मी या वाटेने येऊ पाहणाऱ्या मुलामुलींसाठी कामाचं तेवढं लिहितो.

बारावीनंतर दोन वर्षांचं डी.एल.एड., म्हणजे प्राथमिक शिक्षणाची पदविका. जुनी माणसं त्याला अजून डी.एड.च म्हणतात. मग टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. पहिली ते पाचवीसाठी पेपर 1 : 150 प्रश्न, अडीच तास, बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास यांना प्रत्येकी 30 गुण. खुल्या प्रवर्गाला उत्तीर्ण व्हायला 90 गुण लागतात. चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नये. पुढची अभियोग्यता चाचणी 200 प्रश्नांची आणि 120 मिनिटांची, म्हणजे एका प्रश्नाला 36 सेकंद. तिथे हुशार मुलंही वेगात मागे पडतात, म्हणून घड्याळ लावूनच सराव करावा. त्या गुणांवर ‘पवित्र’ या राज्याच्या शिक्षकभरतीच्या पोर्टलमधून निवड होते आणि पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून महिना 16,000 रुपये मानधनावर काढावी लागतात.

एवढं करून माणूस शाळेत हजर होतो आणि पुष्कळदा त्याच्या हाती पहिलीचा वर्ग येतो. मला हे अजिबात पटत नाही. शाळेतला सगळ्यात तयार शिक्षक पहिलीला हवा, कारण तिथे राहिलेली कसर पाचवीपर्यंत भरून निघत नाही. पण आलाच वर्ग, तर पुढच्या गोष्टी आधी पक्क्या करा.

मुळाक्षरं क, ख, ग अशा ओळीने शिकवू नका. म, क, र, न, ब आणि काना एवढ्यावर कान, नाक, मका, काम, कमान, मामा असे कितीतरी शब्द होतात. ‘बाबा, काम करा’ हे अख्खं वाक्य मूल स्वतः वाचतं. वाचता येतंय हा आनंद त्याला पहिल्या काही आठवड्यांतच मिळायला हवा. घ-ध, भ-म, ब-व, थ-य या जोड्या कधीही लागोपाठ घेऊ नका. एक अक्षर घट्ट बसल्यावर मध्ये बरेच दिवस जाऊ द्या, मगच दुसरं घ्या. पहिली वेलांटी सगळ्यात जास्त अडवते. ती कागदावर अक्षराच्या आधी दिसते, तोंडात नंतर येते. म्हणून आधी नुसतं ऐकवून ‘क’ आणि ‘कि’ यांतला फरक ओळखायला लावा, मग फळ्यावर या. बाराखडी तालात म्हणता येणं म्हणजे वाचता येणं नव्हे. मधलंच एखादं अक्षर दाखवून विचारलं की खरं काय ते कळतं.

गणितात पहिला अडथळा संख्यानामांचा. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी ऐकू येतात, म्हणून मूल 52 लिहितं. ‘एकोणतीस’मध्ये तीस ऐकू येतात, म्हणून दशकाच्या घरात 3 पडतो. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा राज्यभर वाद झाला. वर्गात रोज ही चूक दुरुस्त करणाऱ्याला त्यामागची अडचण चांगली ठाऊक असते. ‘पंचवीस’ आणि ‘वीस पाच’ ही दोन्ही नावं शेजारी शेजारी वापरावीत. संख्या समजली की पंचवीस आपोआप रुळतं.

हातच्याच्या वजाबाकीत 52 - 28 चं उत्तर 36 आलं, तर मूल निष्काळजी आहे असं समजू नका. त्याने प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक वजा केला आहे. त्याच्यासमोर दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवा. आठ सुट्या काढून मागा. पुरत नाहीत हे त्याला स्वतःला दिसू द्या. मग एक गठ्ठा त्यानेच सोडायचा : चार गठ्ठे, बारा सुट्या. आठ गेल्या, चार उरल्या. दोन गठ्ठे गेले, दोन उरले. उत्तर 24. गठ्ठा शिक्षकाने सोडला तर पाठ वाया जातो. फळ्यावर वर 12 लिहून काट मारायची रीत या नंतरची. 402 - 178 सारखी उदाहरणं, जिथे मधल्या घरात शून्य आहे, ती आणखी उशिरा घ्यावीत.

पटसंख्या 60 पर्यंत असेल तर शिक्षण हक्क कायद्याने शाळेला दोनच शिक्षक मिळतात, म्हणजे एकाकडे दोन किंवा तीन इयत्ता. एका इयत्तेला शिकवताना दुसरीला ‘धडा उतरवून काढा’ सांगणं हा हमखास फसणारा मार्ग आहे. दहा मिनिटांत मुलं मोकळी होतात आणि दोन्ही वर्ग बिघडतात. त्याऐवजी शब्दपट्ट्यांतून वाक्यं करणं, एकमेकांना उदाहरणं घालून तपासणं असं उत्तर स्वतः पडताळता येणारं काम द्यावं.

महोत्सव समितीला एक विनंती. जमलेल्या निधीतून पडदे, स्क्रीन नंतर घ्या. आधी पहिली-दुसरीसाठी सहा मुलांमागे एक संच करा : शंभर काड्या आणि रबरं, दहा-दहाच्या दोन रंगांत ओवलेली शंभर मण्यांची माळ, अक्षरकार्डं, शब्दपट्ट्या, सोप्या गोष्टींची पातळ पुस्तकं. हे सगळं मुलांचा हात पोचेल अशा उघड्या मांडणीवर ठेवा आणि हरवणाऱ्या काड्यांसाठी दर वर्षी थोडी रक्कम बाजूला काढा. साहित्य हरवेल या भीतीने कपाटाला कुलूप लागतं आणि खरेदी फुकट जाते.